महसुली अभिलेखदुरुस्ती

महसुली अभिलेखदुरुस्ती : कराची आकारणी किंवा वसुली यांसाठी तयार केलेले पत्रक सक्षम अधिकाऱ्याकडे दाखल झाल्यानंतर त्यात आढळून आलेली चूक विहित रीतीने सुधारण्याची कार्यवाही. जमीनमहसूल हे दीर्घकाळ भारतातील राज्यांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. त्यामुळे या कार्यवाहीचे नियम प्रथम जमीनमहसुलाच्या पत्रकांसंबंधी घडले. आयकरासारख्या पुढील काळातील करांच्या कायद्यांतही त्यांच्याशी मिळतेजुळते नियम आढळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना हा परिसर अल्पावधीत एका राज्यव्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत गेला. तेथील शेतकऱ्याचा सातबारा म्हणजे वेगवेगळ्या अंमलांतील वह्यांच्या नकलांची साखळीच होय. त्यामुळे अभिलेखदुरुस्तीच्या इतिहासाच्या दृष्टीने हा परिसर विशेष उद्‌बोधक ठरतो.

अभिलेखातील चुका सामान्यतः दोन प्रकारच्या मानल्या जातात. नावातील अक्षर चुकणे, बेरीज चुकणे, भूमापन क्रमांकातील अंकांची अदलाबदल होणे, जुन्या वहीतून नव्या वहीत उतरविताना ओळ गळणे हे लेखनदोष होत. त्यांच्या दुरुस्तीने कोणाच्याही हक्कात बदल होत नाही. कागद मूळ वस्तुस्थितीशी जुळतो इतकेच. याउलट, जमीन खरोखर कोणाच्या कब्जात आहे, मृताचा वारस कोण, खरेदी खरी की कर्जापोटी लिहून घेतलेली, हे प्रश्न चुकीच्या स्वरूपात पुढे आले, तरी ते वस्तुतः हक्कांचे वाद असतात. पहिल्या प्रकारच्या दुरुस्तीस कालमर्यादा नसावी व ती सुलभ असावी. दुसऱ्या प्रकारची दुरुस्ती मात्र नोटीस, सुनावणी व पुरावा यांवाचून होऊ नये, असे तत्त्व हळूहळू रूढ झाले. हे तत्त्व आवश्यक ठरण्याचे कारण असे, की जो कागद सरकारने सारा कोणाकडून घ्यावयाचा हे कळण्यासाठी तयार केला, तोच पुढे जमीन कोणाची, याचा पुरावा म्हणून वाचला जाऊ लागला. सारावसुलीच्या दृष्टीने क्षुल्लक असलेली चूक हक्काच्या दृष्टीने गंभीर ठरते.

पूर्वपीठिका : मराठा अमदानीत दप्तरातील कागद एकदा पुरा झाला, की त्यात भर पडू नये यासाठी कटाक्षाने काळजी घेतली जाई. मजकुराच्या शेवटी मोर्तब करण्याची प्रथा होती. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस आढळणारी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा याच हेतूची होती. पुढील काळातील पत्रांतील ‘लेखनसीमा’ हा शब्दही मजकूर येथे संपला, असे दर्शवितो. खाडाखोड असलेला कागद संशयास्पद मानला जाई. तात्पर्य, दाखल झालेल्या कागदात बदल करण्याची सोय व तसा बदल करून फसविण्याची संधी या दोन्हींची जाणीव मराठी दप्तरव्यवस्थेला होती.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील पहिल्या मोठ्या पाहणीचा अनुभव या बाबतीत बोधप्रद ठरला. आर्. के. प्रिंगल याने १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा ठरविण्याची योजना अंमलात आणली. तथापि मोजणी व प्रतवारी यांत मोठ्या चुका राहिल्या, हाताखालच्या नोकरवर्गाने गैरप्रकार केले आणि चुकीच्या पत्रकांवर बसविलेला सारा रयतेला असह्य झाला. एकेक नोंद सुधारून हा दोष दूर होणे शक्य नव्हते. म्हणून १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. मोजणीदाराने मोजलेल्या क्षेत्रांपैकी काही क्षेत्रे वरिष्ठाने पुन्हा मोजून पडताळावी, अशी तपासणी नव्या पद्धतीत अंतर्भूत होती. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीस निश्चित रूप दिले.

मुंबई जमीन महसूल संहितेत (१८७९) भूमापनाच्या नोंदवह्यांतील लेखनदोष आणि हितसंबंधी पक्षांनी मान्य केलेल्या चुका केव्हाही दुरुस्त करता येतील, अशी तरतूद १०९ व्या कलमात होती. नाव चुकीचे लागल्याबद्दलच्या अर्जास मात्र दोन वर्षांची मुदत घातलेली होती. या नोंदवह्यांत सारा भरणाऱ्या खातेदाराचेच नाव असे. खातेदार मेला, जमीन वाटली गेली किंवा विकली गेली, तरी जुने नाव तसेच राही. सारा वेळेवर येत असल्यामुळे महसूल खात्याला त्यात काही वावगे वाटत नसे. परंतु कर्ज देणारा, खरेदी करणारा व न्यायालय यांना तो कागद निरुपयोगी ठरे. या उणिवेतून १९०३ चा हक्कनोंदणी अधिनियम झाला. १९१३ मध्ये त्यातील तरतुदी मुख्य संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी, हे गृहीतक या तरतुदींनी प्रस्थापित केले. चुकीच्या नोंदीचे गांभीर्य त्यामुळे अनेकपटींनी वाढले.

हैदराबाद संस्थान व राजुरा तालुका : कोरपना हा आज चंद्रपूर जिल्ह्यातील तालुका असून त्याचा प्रदेश पूर्वी राजुरा तालुक्यात मोडत असे. पैनगंगेच्या दक्षिणेस, वर्धा नदीच्या पश्चिमेस व माणिकगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०५ मध्ये आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा राजुरा त्याचा एक तालुका होता. नदीपलीकडील चांदा जिल्हा ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात असल्याने एकाच बाजारपेठेत येणाऱ्या दोन गावांची महसुली दप्तरे संपूर्णतः भिन्न होती. एकीकडे मालगुजारी, तर दुसरीकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर उभारलेली रयतवारी.

संस्थानात पहिल्या सर सालारजंगाच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) मुंबईच्या पद्धतीने मोजणी व जमाबंदी सुरू झाली. पुढे हैदराबाद जमीन महसूल अधिनियम (१३१७ फसली, म्हणजे इ. स. १९०७-०८) संमत झाला. त्याच्या ८७ व्या कलमाचा साचा मुंबईच्या १०९ व्या कलमासारखाच होता : लेखनदोष व सर्व पक्षांनी मान्य केलेली चूक सुधारता येई आणि नावाच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागे. ही मुदत अर्जदाराला आपल्या नोंदीची माहिती आहे, असे गृहीत धरणारी होती. डोंगरातील गोंड व कोलाम कुटुंबांच्या बाबतीत हे गृहीतक फारसे खरे नव्हते. पैकी अनेक कुटुंबे ‘शिवाय-जमाबंदी’ म्हणजे कायम पट्ट्यावाचून जमीन कसत. ती सारा भरीत. परंतु पट्टा बाहेरून आलेल्या वजनदार शेतकऱ्याच्या नावे होण्याचा धोका कायम राही. पटवारी व पाटील ही पदे वतनी होती, वही त्यांच्या घरी असे आणि ज्याच्याविरुद्ध नोंद झाली, त्याला ती वाचता येत नसे.

कुमराम भीमू याच्या नेतृत्वाखाली आदिलाबाद जिल्ह्यात झालेल्या १९४० च्या उठावानंतर निजाम सरकारने या प्रश्नाकडे लक्ष दिले. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आदिवासींच्या स्थितीच्या पाहणीचे काम आले. त्यांच्या निरीक्षणांतून जमीन हातची जाण्यामागील महसुली कारणे स्पष्ट झाली. पुढे आदिवासी क्षेत्र विनियम (१३५६ फसली, इ. स. १९४६-४७) करण्यात आला व आदिवासींना मोठ्या प्रमाणावर पट्टे देण्यात आले. जी चूक मुदतीत अर्ज न केल्यामुळे कायम झाली होती, ती सुधारण्यासाठी येथे नवीनच कायदा करावा लागला.

हैदराबादी अभिलेखांतील चुकांची काही कारणे त्यांच्या लिपीत व कालगणनेत होती. गावची वही प्रायः मोडी-मराठीत किंवा तेलुगूत, तर वरिष्ठ कचेरीचा व्यवहार उर्दूत चाले. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत आणि कित्येक अक्षरांतील भेद केवळ नुक्त्यांच्या संख्येने व स्थानाने कळतो. नुक्त्यांची संख्या किंवा स्थान बदलले, तर ‘ब’चा ‘प’ किंवा ‘त’ होऊ शकतो. नाव व त्यापुढे ‘वल्द’ लिहून बापाचे नाव एवढीच ओळख दिलेली असे. गोंड समाजात मडावी, आत्राम, कुमरे यांसारखी कुळनामे अनेक कुटुंबांत समान असल्याने ओळख पटविताना घोटाळा होई. रकमांसाठी ‘सियाक’ ही फार्सी हिशेबी चिन्हपद्धती वापरली जाई. ती जाणणारे कारकून पुढे दुर्मिळ झाले. फसली वर्षात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन येतो. परंतु दोन्ही वर्षांचे आरंभ भिन्न असल्यामुळे एका फसली वर्षाला दोन इसवी वर्षे लागू पडतात. मुदतीची गणना करताना हा फरक निर्णायक ठरू शके.

१९४८ मध्ये संस्थानचे भारतात विलीनीकरण झाल्यानंतर जमीन हक्कनोंदणी विनियम (१३५८ फसली) लागू झाला, जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या व १९५० मध्ये कुळकायदा आला. १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हे या सुधारणांचे फलित होय. तत्कालीन हैदराबाद राज्यातील जमिनींच्या बाबतीत हे पत्रक आजही मूळ पुरावा म्हणून मागितले जाते. त्यात उतरलेली चूक पुढच्या प्रत्येक पत्रकात आपोआप उतरत गेली.

संक्रमणकाळ (१९५६–६७) : राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्याच्या नांदेड जिल्ह्यात समाविष्ट झाला. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे चार वर्षांत या तालुक्याची दप्तरे आदिलाबाद, नांदेड व चांदा या तीन जिल्ह्यांच्या कक्षेत आणि हैदराबाद, मुंबई व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या अधिकारात आली. राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या ११९ व्या कलमानुसार प्रदेश हस्तांतरित झाला, तरी तेथील पूर्वीचे कायदे बदलेपर्यंत चालू राहिले. परिणामतः चांदा जिल्ह्याच्या बहुतेक भागात मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता (१९५४), तर राजुऱ्यात हैदराबादचा १३१७ फसलीचा अधिनियम, अशी स्थिती निर्माण झाली.

या काळात उर्दू व मोडी वह्यांवरून देवनागरीतील नमुने तयार झाले. तसेच एकर-गुंठ्यांऐवजी पुढे हेक्टर-आर ही मापे आली. चाळीस गुंठ्यांचा एक एकर व सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर, हे गणित सोपे असले, तरी एका गावातील शेकडो क्रमांकांचे क्षेत्र व आकार पुन्हा लिहिताना पूर्णांक-अपूर्णांकांच्या चुका होणे अपरिहार्य होते. लिप्यंतर, मापांतर व कार्यालयांतर या तिन्ही क्रिया जवळजवळ एकाच पिढीत घडल्या. त्यामुळे येथील सातबाऱ्यावरील एखादी चूक नेमकी कोठे शिरली, हे शोधण्यासाठी प्रत्येक टप्प्याचा मूळ कागद पाहावा लागतो.

पूर्वीच्या राजुरा तालुक्याच्या दक्षिणेकडील डोंगराळ पट्ट्यात, सांप्रतच्या जिवती तालुक्यात, चौदा गावांवर महाराष्ट्र व आंध्र प्रदेश (२०१४ नंतर तेलंगण) या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथे चूक नावात किंवा क्षेत्रात नसून गाव कोणत्या राज्याच्या दप्तरात असावे, याविषयीच वाद असल्याने अभिलेखदुरुस्तीच्या कोणत्याही कलमाने त्याचा निकाल लागणे शक्य नव्हते.

झुडपी जंगल : चंद्रपूर जिल्ह्याच्या वर्धा नदीपूर्वेकडील भागात व १९८२ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात एका शब्दाने निर्माण केलेला प्रश्न याहून व्यापक ठरला. मध्य प्रांताच्या महसुली पत्रकांत खुरट्या झुडपांच्या पडीत जमिनीस ‘झुडपी जंगल’ असे लिहीत. मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून रद्द झाल्यावर या जमिनी शासनाकडे आल्या. त्यांवर कालांतराने गावठाणे, शाळा, रस्ते व शेते झाली; परंतु पत्रकातील शब्द कायम राहिला. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० व सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश यांमुळे त्या वर्णनातील ‘जंगल’ या पदाला पूर्वी नसलेले विधिमूल्य आले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वन होत, असा निर्णय दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींबाबत राज्य शासनाने केंद्राची मान्यता घेण्याचा मार्ग अपवाद म्हणून मोकळा ठेवला. पत्रक लिहिणाऱ्याने केलेले वर्णन त्या काळी चूक नव्हते. नंतरच्या कायद्याने त्याचा अर्थ बदलला. अशी नोंद लेखनदोष म्हणून सुधारता येत नाही, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ : ही संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली व तिने मुंबई, मध्य प्रदेश व हैदराबाद येथील जुने महसूल कायदे रद्द केले. राजुरा तालुका व उर्वरित चांदा जिल्हा प्रथमच एका महसुली कायद्याखाली आले. संहितेनुसार जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे, तलाठ्याने ती माहिती फेरफार नोंदवहीत (गाव नमुना सहा) लिहावी, तिची प्रत चावडीवर लावावी व हितसंबंधी व्यक्तींना लेखी कळवावे, असा क्रम आहे. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत (गाव नमुना सहा-अ) जाते. एरवी मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हस्तलिखित पद्धतीत नोंद प्रमाणित होईपर्यंत ती सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहीत व नंतर शाईने कायम करीत. कमी झालेले नाव खोडून न टाकता त्यास कंस करीत व फेरफाराचा क्रमांक नमूद करीत. जुने नाव वाचता यावे व बदल कोणत्या आधारावर झाला हे कळावे, हा त्यामागील हेतू होता.

दाखल झालेल्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी संहितेचे १५५ वे कलम महत्त्वाचे आहे. लेखनदोष, हितसंबंधी पक्षांनी मान्य केलेली चूक आणि महसूल अधिकाऱ्यास तपासणीत आढळलेली चूक अशा तीन बाबी जिल्हाधिकाऱ्यास केव्हाही दुरुस्त करता येतात. तपासणीत आढळलेल्या चुकीच्या बाबतीत मात्र पक्षांना नोटीस देऊन हरकतींचा निकाल लागल्यावाचून दुरुस्ती करता येत नाही. प्रत्यक्षात हे अधिकार तहशीलदार वापरतो. आदेश मान्य नसल्यास अपिलाचा मार्ग आहे. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशावर साठ दिवसांत अपील करावे लागते. १५७ व्या कलमाने प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी वि. इंदर कौर (१९९६) या प्रकरणात स्पष्ट केले. हक्काचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाकडे राहतो.

१५५ व्या कलमाची सुलभता हाच त्याचा कमकुवत भागही आहे. ‘केव्हाही’ या शब्दाचा आधार घेऊन कित्येक वर्षांपूर्वी प्रमाणित झालेले फेरफार लेखनदोषाच्या नावाखाली बदलण्याचे प्रयत्न होतात. न्यायालयांनी ते वेळोवेळी अमान्य केले आहेत. सीमारेषा नेहमी स्पष्ट नसते. उदा., शासनाने हस्तांतरणावर निर्बंध ठेवून दिलेल्या जमिनीचा धारक ‘भोगवटादार वर्ग दोन’ असतो. नक्कल करताना दोनच्या जागी एक लिहिला गेला, तर चूक एका अंकाची असते. परंतु तेवढ्याने जमीन निर्बंधमुक्त भासते व परवानगीवाचून विकली जाते. मूळ पट्टा पाहता हा उघड लेखनदोष ठरतो. खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र तो हक्काचा प्रश्न असतो. त्यामुळे अशा दुरुस्तीपूर्वी त्यासही नोटीस देणे आवश्यक ठरते.

आदिवासींच्या जमिनी : महाराष्ट्रात १९७४ मध्ये दोन अधिनियम झाले. पहिल्याने ६ जुलै १९७४ पासून आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध आले. दुसऱ्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी विहित अटींवर मूळ आदिवासी धारकास परत करण्याची व्यवस्था केली. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. या दोन्ही कायद्यांचा लाभ मिळण्यासाठी मूळ धारक आदिवासी होता व हस्तांतरण अमुक दिवशी झाले, ही दोन तथ्ये अभिलेखावरून दिसावी लागतात. जमातीचा उल्लेख गळलेला, नावाचे रूप बदललेले किंवा फसली वर्षाचा इसवी सन चुकीचा धरलेला असल्यास कायद्याने दिलेला हक्कही पुराव्याअभावी निष्फळ होऊ शकतो.

चुनखडी व कोळसा यांच्या साठ्यांमुळे राजुरा-कोरपना भागात जमिनीचे संपादन मोठ्या प्रमाणावर झाले. १९८० नंतर गडचांदूर व आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. संपादनाची नोटीस व मोबदला यांसाठी अधिकारी प्रथम हक्कनोंद पाहतो. त्यामुळे अनेक चुका नेमक्या याच वेळी उघडकीस येतात. सारा भरताना ज्या नावाकडे कोणी लक्ष दिले नव्हते, त्यावर आता मोबदल्याची रक्कम अवलंबून असते. अशा वेळी लेखनदोषाची दुरुस्ती संपादनापूर्वी झालेली असणे धारकाच्या हिताचे असते. नंतर मोबदल्याच्या वाटपाचा वाद न्यायालयीन स्वरूप घेतो.

वनहक्क अधिनियमाने (२००६) या परंपरेस एक वेगळे वळण दिले. त्याखालील २००८ च्या नियमांत महसुली व वनखात्याच्या कागदांबरोबरच, दावेदाराहून अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीचे लेखी नोंदविलेले निवेदन हाही पुरावा मानला आहे. ज्या समाजाच्या हातात वही कधी नव्हती, त्याच्यासाठी कागदाबाहेरचा पुरावा कायद्याने मान्य करणे, ही जुन्या नोंदींच्या अपुरेपणाची एका अर्थी कबुलीच होय.

आयकरातील समांतर तरतुदी : आयकराच्या बाबतीत १९२२ च्या अधिनियमातील ३५ वे व १९६१ च्या अधिनियमातील १५४ वे कलम अभिलेखावरून उघड दिसणारी चूक चार वर्षांच्या आत सुधारण्याविषयी होते. टी. एस्. बलराम वि. व्होल्कार्ट ब्रदर्स (१९७१) या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की उघड चूक म्हणजे सहज दिसणारी चूक. जी सिद्ध करण्यासाठी लांबलचक युक्तिवाद करावा लागतो व जिच्याविषयी दोन मते संभवतात, ती या कलमाखाली येत नाही. महसूल संहितेतील लेखनदोष व वाद यांतील भेदाशी हा भेद तत्त्वतः जुळतो.

मुळातून कापलेल्या कराच्या माहितीपत्रकांत तर साम्य अधिक स्पष्ट दिसते. कारखान्याचा कामगार किंवा ठेकेदार यांच्या वेतनातून अथवा देयकातून कर कापणारा त्रैमासिक विवरण दाखल करतो व त्यात प्रत्येकाचा स्थायी खाते क्रमांक देतो. या क्रमांकातील एक अक्षर चुकल्यास कापलेला कर त्या व्यक्तीच्या खाती दिसत नाही आणि भरलेला कर पुन्हा मागितला जाऊ शकतो. ही चूक ज्याला भोवते, त्याला ती स्वतः सुधारता येत नाही; कर कापणाऱ्यानेच दुरुस्ती विवरण दाखल करावे लागते. वही पटवाऱ्याच्या हाती असलेल्या शेतकऱ्याची अडचण याच जातीची होती. अशा दुरुस्ती विवरणास पूर्वी कालमर्यादा नव्हती; वित्त (क्रमांक २) अधिनियम, २०२४ याने ती प्रथमच सहा वर्षांची ठरविली. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याची तरतूद आहे.

संगणकीकरण : २००८ च्या राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या संगणकीकरणास गती आली. हस्तलिखित वहीवरून संगणकात नोंद करणे हे नकलेचेच नवे स्वरूप असल्याने जुन्या चुकांत नव्या चुकांची भर पडली. म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन घेण्यात आले. संगणकातील उतारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून हस्तलिखिताशी त्याचा मेळ घालावा व आक्षेप नोंदवावेत, अशी ही योजना होती. आढळलेल्या तफावती १५५ व्या कलमाखालील आदेशांनी दुरुस्त करण्यात आल्या. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविण्यात आली. मृताचे नाव वहीत राहण्याचा जो दोष १९०३ च्या अधिनियमास कारण झाला होता, त्यावर एकशेवीसहून अधिक वर्षांनी पुन्हा मोहीम काढावी लागली.

पेन्सिलीची नोंद व नावाभोवतीचा कंस यांमुळे हस्तलिखित उताऱ्यावर बदलाचा मार्ग दिसत असे. संगणकीय उताऱ्यात तो फेरफाराच्या क्रमांकांतून शोधावा लागतो. त्यामुळे मूळ हस्तलिखिते जतन करणे दुरुस्तीच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे ठरले आहे. राजुरा-कोरपना भागाच्या बाबतीत १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक, त्यापूर्वीचे उर्दू व मोडी कागद आणि ते वाचू शकणारे जाणकार यांची गरज त्यात अनुस्यूत आहे. लेखनदोषाची दुरुस्ती ‘केव्हाही’ करता येईल, असे कायदा म्हणत असला, तरी ज्याच्याशी ताडून चूक ठरवावयाची, तो मूळ कागद उपलब्ध असेल तोपर्यंतच त्या तरतुदीचा उपयोग होतो.